सातवा पाठ कोणाचा

माझ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. तरी कोणी विचारलं की तुमचं अभिमानाचं प्रकरण कोणतं, तर मला एक स्पायरल बांधणीचं पुस्तक आठवतं. त्यात ना रक्त होतं ना चोरीचा माल. ते सोडवायला मला लागल्या फक्त दोन सकाळी आणि एक चष्मा.

तेव्हा मी शहराच्या पश्चिमेकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचीच मुलं त्या इमारतींच्या दारावर निळा गणवेश घालून पहारा देत होती. आमच्याकडचे अर्जही बदलले होते. पूर्वी बांधावरून मारामारी, गोठ्यातली म्हैस, भाडेकरूचा त्रास असे अर्ज यायचे. आता कॉम्प्युटर गेला, सीडी गेली, 'डेटा' गेला असे यायला लागले. डेटा म्हणजे नेमकं काय गेलं, हे आमच्या ठाणे अंमलदाराला लिहिता येत नसे. तो पंचनाम्यात 'दिसत नसलेला माल' असं लिहून मोकळा व्हायचा.

एका सोमवारी सकाळी एका मोठ्या कंपनीचे प्रशासन व्यवस्थापक अर्ज घेऊन आले. कंपनीचं मुख्य कार्यालय माझ्या हद्दीत होतं, इमारती हिंजवडीला. चाळिशीचा, चटपटीत माणूस. ते यायच्या आधीच मला वरिष्ठांच्या कार्यालयातून फोन आला होता, 'जरा लक्ष घाला.' या तीन शब्दांचा अर्थ प्रत्येक पोलिसाला कळतो.

"सर, सिंपल मॅटर आहे," ते म्हणाले. "आम्ही एका बाईंकडून आमच्या गार्ड आणि हाउसकीपिंग स्टाफसाठी ट्रेनिंगचं मटेरियल करून घेतलं. आग लागली तर काय करायचं, लोक खाली कसे उतरवायचे, असं सगळं. मटेरियल कंपनीच्या मालकीचं. आता त्या तेच दुसऱ्या कंपनीत शिकवतायत. ही चोरीच झाली ना?"

"मालकी तुमची कशावरून?"

त्यांनी एक पत्र पुढे सरकवलं. बाईंच्या स्वतःच्या लेटरहेडवरचं, मार्च महिन्यातल्या तारखेचं. 'सदर प्रशिक्षण पुस्तिकेतील सातही पाठ मी सर्व हक्कांसह कंपनीस कायमचे दिले असून ते अन्यत्र वापरणार नाही.' खाली सातही पाठांची नावं ओळीनं टाइप केलेली आणि त्याखाली बाईंची सही. कागद चोख होता. विश्वासघाताचा गुन्हा सरळ दाखल करता आला असता. मी तेवढं केलं नाही, अर्ज चौकशीवर ठेवला. पण बाईंना बोलावून आणायला विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गणवेशातला हवालदार पाठवला. ही माझी चूक होती.

हवालदार माझ्याबरोबर नऊ वर्षं काम केलेला, कमी बोलणारा माणूस. परत आल्यावर त्यानं सांगितलं, "साहेब, अख्खी सोसायटी गॅलरीत उभी होती. बाई शांतपणे आल्या. जिन्यात दोन ठिकाणी सगळ्यांना नमस्कार करत आल्या."

बाई पन्नाशीच्या आतल्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आधीचे जबाब संपेपर्यंत मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. तेही दोन तास. आत आल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, चौकशीसाठी बाईमाणसाकडे पोलिसांनी घरी यायचं असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. चुकीचं वाचलं असेन. किंवा आज तुमची जीप बंद असेल."

कायद्याची ती तरतूद मला तोंडपाठ होती. जीपही दारात उभी होती.

त्या मूळच्या एका जुन्या कारखान्यातल्या. वडील तिथेच यंत्रावर कामगार, आणि ही मुलगी शिकून त्याच कारखान्याच्या सुरक्षा विभागात लागली. पुढे बाजार खुला झाला, कारखान्याचा व्याप आटला, स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले. बाईंनी अर्ज भरला आणि स्वतःचं प्रशिक्षणाचं काम सुरू केलं. इंग्रजी पुस्तकं भरपूर होती, पण जिन्यात उभ्या राहणाऱ्या गार्डला वाचता येईल असं एकही नव्हतं. म्हणून त्यांनी मराठीत लिहिलं, चित्रंही स्वतः काढली.

मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं. "सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "मजकूर माझा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. सही माझी, मजकूर माझा नाही."

माझ्या अनुभवात सही नाकारणारे शेकड्यानं भेटले. सही मान्य करून मजकूर नाकारणारे विरळा. हस्ताक्षर तज्ज्ञाकडे कागद पाठवला असता तर त्यानं सही खरी ठरवली असती, आणि बाई अडकल्या असत्या.

"कोऱ्या कागदावर सही का केलीत?"

आता पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेली. "आग विझवायची नळकांडी प्रात्यक्षिकासाठी आत न्यायची होती. गेटपास लागतो. व्यवस्थापक म्हणाले, दोन लेटरहेडवर सह्या करून ठेवा, मजकूर आम्ही टाइप करून घेऊ, तुमची खेप वाचेल. मी पंचवीस वर्षं लोकांना सांगत आले, न वाचता सही करू नका. आणि स्वतः कोऱ्यावर केली. याची शिक्षा काय असेल ती सांगा, पण चोरीची सांगू नका."

मी त्यांना घरी जायला सांगितलं. जाताना त्यांनी पिशवीतून ते स्पायरलचं पुस्तक काढलं. "वाचून पाहा. कोणी वाचत नाही म्हणून भांडणं होतात."

दुपारी मी न्यायालयातल्या सरकारी वकिलांना भेटलो. शांत, जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांना मी विचारलं, कंपनीनं पैसे देऊन काम करून घेतलं, तर लिहिलेलं कंपनीचं नाही का?

ते हसले. "तुम्ही पोलीस प्रशिक्षणासाठी पंचनाम्यावर टिपणं लिहिली होती ना? ती सरकारची. कारण तुम्ही नोकरीत होतात. पण ही बाई कंपनीची नोकर आहे का?"

"नाही. बाहेरून काम घेतलं."

"मग लिहिलेलं तिचं. तिनं सहीनिशी लेखी हक्क दिल्याशिवाय ते कंपनीचं होत नाही. कंपनीला वापरायची परवानगी मिळाली, तीही जेवढी ठरली तेवढीच. खोली भाड्यानं दिली म्हणून घर भाडेकरूचं होत नाही, तसं समजा. मूळ वर्क ऑर्डर पाहिलीत?"

ती मागवली. त्यात स्पष्ट ओळ होती, 'आमच्या दोन इमारतींतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी.' हक्कांबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे सगळा डोलारा त्या मार्चच्या पत्रावर उभा होता. ते खरं असेल तर बाई दोषी, खोटं असेल तर व्यवस्थापक. आणि सही तर खरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात लवकर येऊन मी चष्मा लावून पुस्तक उघडलं. पहिले सहा पाठ नेटके होते. धूर दिसला तर काय, जिना कोणता, लिफ्ट का नाही, माणसं मोजायची कशी. सहाव्या पाठात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: खाली आलेल्या माणसानं कोणत्याही कारणासाठी पुन्हा वर जाऊ नये. मग सातवा पाठ. त्याची सुरुवात अशी होती:

'मागच्या आगीच्या कवायतीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या एक भगिनी मागे राहिल्या. आठवा महिना चालू असल्याने त्यांना जिना उतरता येत नव्हता. आपल्या नियमात त्यांच्यासाठी जागा नव्हती. नियम लिहिणारीची ती चूक होती. म्हणून हा पाठ.'

पुढे चित्रं होती. खुर्ची कशी धरायची, पुढचा माणूस कोणत्या पायरीवर, मागचा कोणत्या, तोंड कुणाचं कुणीकडे.

मी ते वाचून थांबलो. स्वतःच्याच पुस्तकात स्वतःची चूक छापून ठेवणारी बाई खोटं बोलत असेल, असं मला वाटेना. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. मग डोक्यात एकच प्रश्न उरला. ही कवायत कधी झाली होती?

मी हवालदाराला हाक मारली. "त्या इमारतीच्या दारावरची नोंदवही पाहिजे. आणि त्या दिवशीचा गार्ड."

"साहेब, नोंदवही आणतो. गार्ड बाहेरच बसलाय."

"कशासाठी?"

"बाईंना पोलीस घेऊन गेले, हे त्याला कळलं. काल ड्यूटी सुटल्यावर आला होता. मी म्हटलं, साहेब बोलावतील तेव्हा ये. आज न बोलावता आलाय."

गार्ड लोणी काळभोरचा. शेतकरी घरातला, रुंद खांद्यांचा, पस्तिशीचा माणूस. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, बाईंनी काय चोरलं न्हाय. त्यो सातवा पाठ माझ्यापायी झालाय," तो म्हणाला.

"नीट सांग."

"कवायत व्हती. समदे खाली आले. म्या माणसं मोजली, एक कमी. साफसफाईची बाई तिसऱ्या मजल्यावर जिन्यात बसलेली, पोटुशी. म्या दुसऱ्या गार्डला घिऊन वर गेलो. आमी दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणली. मंग मॅनेजरसाहेब मला बोलले, नियम मोडला म्हून. म्या बाईंना इचारलं, बाई, तुमच्या पुस्तकात वर जायाचं न्हाय असं हाय. मंग ती वर बसली हाय तिचं काय करायचं?"

"बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मला आत्ता उत्तर येत न्हाय. लिहून आणते. तीन आठवड्यांनी आल्या, आमालाच खुर्ची उचलाया लावली, सतरांदा. मागच्या माणसानं पाऊल कुठं ठिवायचं ते माझंच बघून लिवलंय त्यांनी."

"कवायत कोणत्या महिन्यात?"

"पालखी पुण्यातनं गेल्यावर. जुलैत. वहीत आसंल."

हवालदारानं वही आणली, त्यात होतं. जुलै महिना, तारीख, वेळ, 'तिसरा मजला, एक महिला कर्मचारी खुर्चीतून उतरविली', खाली गार्डची सही आणि शेजारी व्यवस्थापकांची शेऱ्यासह सही, 'नियमभंग, समज दिली.'

पत्र मार्चचं. त्यात सातही पाठांची नावं. आणि सातवा पाठ ज्या घटनेवरून लिहिला, ती घटना जुलैची.

अशा वेळी घाई करायची नसते, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. हाती पुरावा असला की तो आधी दाखवू नये. आधी समोरच्याला त्याचं म्हणणं पूर्ण सांगू द्यावं, लिहून घ्यावं, वाचून दाखवावं आणि सही घ्यावी. मी व्यवस्थापकांना जबाबासाठी बोलावलं. चहा मागवला. ते खूश होते. गुन्हा दाखल होणार, असं त्यांना वाटलं.

"हे पत्र बाईंनी कधी दिलं?"

"तारीख आहे ना सर. मार्चमध्ये."

"तुमच्यासमोर सही केली?"

"माझ्या केबिनमध्ये."

"तेव्हा पुस्तक पूर्ण झालेलं होतं?"

"कंप्लीट. सातही पाठ."

"सातही?"

"सातही. म्हणून तर यादी आहे."

हवालदारानं जबाब वाचून दाखवला. त्यांनी पेनाचं टोपण काढून ऐटीत सही केली. मग मी पुस्तकाचा सातवा पाठ उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

"पहिल्या चार ओळी मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचल्या. चौथ्या ओळीपर्यंत आवाज बारीक झाला. मी शेजारी नोंदवही ठेवली आणि त्यांच्याच शेऱ्यावर बोट ठेवलं.

"जुलैत जे घडलं ते बाईंनी मार्चमध्ये कसं लिहिलं, एवढंच मला समजावून सांगा. मला घाई नाही."

त्यांनी पाणी मागितलं. हवालदारानं तांब्या आणून ठेवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुस्तकाला मागणी आहे हे त्यांनी ओळखलं होतं. आसपासच्या कंपन्यांमध्ये असे गार्ड, अशा इमारती, पण मराठीत शिकवणारं कोणी नाही. त्यांनी पत्नीच्या नावानं एक संस्था काढली, पुस्तकाचं मुखपृष्ठ बदललं, बाईंचं नाव काढलं आणि चार कंपन्यांना शब्द दिला. तेवढ्यात त्यातल्याच एका कंपनीनं थेट बाईंना बोलावलं. धंदा बुडणार म्हणून उरलेल्या सहीच्या कोऱ्या लेटरहेडवर मजकूर टाइप केला, मागची तारीख टाकली आणि पोलिसांची भीती घालायला आमच्याकडे आले. यादी करताना समोरच्या पुस्तकातली सगळी नावं उतरवली. सातवा पाठ कधी आला, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"तुम्ही हे पुस्तक कधी वाचलंत?" मी विचारलं.

"चाळलं होतं," ते म्हणाले.

मी वरिष्ठांना फोन करून वस्तुस्थिती सांगितली. ते म्हणाले, "ज्याचा गुन्हा, त्याच्यावर दाखल करा." हे शब्दही मी डायरीत नोंदवले. पोलिसानं वरिष्ठांच्या होकाराचीही नोंद ठेवावी, पुढे उपयोगी पडते. बाईंच्या फिर्यादीवरून बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. बदललेल्या मुखपृष्ठाच्या प्रती पंचांसमोर जप्त केल्या. न्यायालयात प्रकरण लांबलं, पण शेवटी आरोपीला शिक्षा झाली. कंपनीनं त्याला त्याआधीच काढून टाकलं होतं.

बाईंचा फिर्यादी जबाब घ्यायला मी या वेळी स्वतः विश्रांतवाडीला गेलो, साध्या कपड्यांत. छोटं स्वच्छ घर. फळीवर बुद्धमूर्ती, शेजारी पुस्तकं, आणि खाली वह्यांचा गठ्ठा. सातव्या पाठाचे कच्चे खर्डे त्यात होते. एकावर खुर्चीचं चित्र नऊ वेळा खोडून काढलेलं. बाईंची आई पलंगावर बसून आम्हाला पाहत होत्या.

"साहेब, परवा आमच्या दारात पोलीस आला," त्या म्हणाल्या. "हिचे वडील आयुष्यभर कारखान्यात गेले. कधी पोलीस आला नाही."

मी म्हटलं, "आजी, चूक माझी झाली. मी आधी वाचायला हवं होतं." मग जाताना मी मुद्दाम प्रत्येक मजल्यावर थांबलो आणि जो भेटेल त्याला सांगितलं, बाई आमच्या फिर्यादी आहेत, त्यांच्यावर अन्याय झाला होता. हवालदार मागून म्हणाला, "साहेब, गच्चीवर राहिलेत का कोणी, बघून येऊ?" मी हसलो नाही. त्यालाही मी हसावं अशी अपेक्षा नव्हती.

कंपनीचे संचालक बाईंना भेटले. त्यांनी माफी मागितली आणि सगळे हक्क विकत घेण्याची तयारी दाखवली. बाई नाही म्हणाल्या. त्यांनी एका पानाचा करार करून घेतला, मराठीत. कंपनीनं पुस्तक आपल्या इमारतींत हवं तितकं वापरावं, प्रती काढाव्यात. बाहेर देऊ नये, विकू नये. लेखिकेचं नाव पहिल्या पानावर राहील. आणि मजकुरात बदल करायचा तर तिची लेखी संमती लागेल. हा शेवटचा मुद्दा संचालकांना जाचक वाटला.

"का हवं हे?" त्यांनी विचारलं.

"उद्या कोणाला पुस्तक मोठं वाटेल आणि तो सातवा पाठ काढून टाकेल," बाई म्हणाल्या. "मालकी मला त्यासाठी हवी आहे."

हे त्यांनी मला ठाण्यात येऊन सांगितलं, करार दाखवायला आल्या तेव्हा. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मालकी या शब्दाचा इतका स्वच्छ अर्थ मी ऐकला नव्हता. आमच्याकडे मालकी म्हणजे कुंपण आणि कुलूप. त्या बाईंसाठी मालकी म्हणजे जबाबदारी होती. आपण लिहिलेल्या ओळीवर विश्वास ठेवून कोणी जिना चढणार असेल, तर त्या ओळीला कोण हात लावतो हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

पुढे आमच्या ठाण्यातल्या लोकांनाही हे शिकवावं असं मला वाटलं. आमची इमारत जुनी, मुद्देमालाच्या खोलीत काय काय पेटेल याचा नेम नव्हता. बाई आल्या, तीस पोलिसांना सकाळभर शिकवलं. आडदांड पोलीस आमच्या हवालदाराला खुर्चीत बसवून जिना उतरले. संपल्यावर मी सहज म्हणालो, "पुस्तक ठेवून जा. आम्ही झेरॉक्स काढून घेतो."

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. आधीच लिहून आणला होता. 'या पुस्तिकेच्या प्रती केवळ आपल्या पोलीस ठाण्याच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी काढण्यास विनामोबदला परवानगी देत आहे.' खाली त्यांची सही, आणि माझ्या सहीसाठी जागा.

"वाचून सही करा, साहेब," त्या म्हणाल्या.

मी चष्मा लावला, तीन ओळींचं ते पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग सही केली. समोर तीस पोलीस पाहत होते. आपला साहेब एका बाईपुढे बसून परवानगी घेतोय, हे त्यांनी पाहिलं याचा मला आजही अभिमान वाटतो.